ओळंब्याच्या मुलीची नजर

मोजणीच्या ऑफिसात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. नाव चेष्टेने ठेवलेलं होतं, पण त्याने ते पदवीसारखं स्वीकारलं. कारण वाकडं काही दिसलं की या माणसाचा जीव कासावीस व्हायचा. साहेबांच्या केबिनमधलं कॅलेंडर असो, बसथांब्याची पाटी असो, तो जाता जाता बोटाने सरळ करायचा. एकदा सासऱ्यांच्या फोटोची चौकट सरळ करायला स्टुलावर चढला आणि फोटोसकट खाली आला. सासरे समोरच बसले होते. त्यांना तो प्रसंग अजून विसरता आलेला नाही.

तर अशा माणसाच्या पाच महिन्यांच्या मुलीचा डोळा तिरका निघावा, हा दैवाचा विनोद म्हणायचा. त्याला मात्र त्यात विनोद दिसला नाही. 

झालं असं की रविवारी सकाळी बायकोने फोन त्याच्यापुढे धरला. "बघ, ठमी कशी हसतेय." ठमी म्हणजे हीच मुलगी. जन्मदाखल्यावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण घरात ते कुणाला आठवत नसे. ओळंब्याने फोटो पाहिला. हसू त्याला दिसलंच नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की डावं बुबुळ मधोमध नसून नाकाकडे सरकलंय. त्याने फोन आडवा केला, उभा केला. बुबुळ तिथंच.

"हिचा डोळा आत आहे," तो म्हणाला.

"कुठे आत? मला तर काही दिसत नाही."

"तुला स्वयंपाकघरातलं कॅलेंडरही सरळच दिसतं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्याने अजून कुणालाही सांगितली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ झालेल्या ठमीला डाव्या खांद्यावर घेऊन तो बाहेर येत होता आणि दाराची चौकट तिच्या डोक्याला लागली. आवाज झाला होता. तो आवाज त्याला अजून ऐकू यायचा. ठमी पाच मिनिटं रडली आणि झोपली. टेंगूळ आलं, ते संध्याकाळपर्यंत उतरलं. बायकोने विचारलं तेव्हा त्याने डास चावला म्हणून सांगितलं. एवढा मोठा डास घरात कसा शिरला यावर बायको आणि आई दोन दिवस बोलत होत्या, आणि तो खाली मान घालून खिडकीला जाळी ठोकत होता.

त्यामुळे फोटो पाहिल्यापासूनची त्याची भीती साधी नव्हती. पोरीला दिसतंय की नाही हा एक प्रश्न, आणि नसेल तर ते आपल्यामुळे का, हा दुसरा. पहिला तो मोठ्याने विचारायचा. दुसरा गिळायचा.

अशी बातमी इमारतीत झाकून राहत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिना उतरून खास आले. "घाबरायचं काही कारण नाही," ते खुर्ची ओढत म्हणाले. "माझ्या वर्गात तिरळी मुलं पुष्कळ यायची. मी त्यांना पहिल्या बाकावर बसवायचो."

"मग सुधारायची?"

"नाही. पण पुढे बसायची."

समोरच्या काकू शिवणाचं काम करायच्या. तोंडात चार टाचण्या धरून त्या बोलत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सल्ला जरा धोकादायक वाटे. "माझ्या जावेच्या भाच्याचं अस्संच होतं हो. अगदी हाच डोळा."

"मग काय झालं त्याचं?"

"काय माहीत. ते लोक लांब राहायला गेले ना."

ओळंब्याला त्या भाच्याची काळजी लागून राहिली, ती वेगळीच.

एकटी आई काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण एकच वाक्य: "मोठी झाली की जातं." एरवी दुधाची पिशवी फाटली तरी अर्धा तास बोलणारी बाई एवढं म्हणून भांडी लावायला उठली. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोजणी खात्यातल्या माणसाला भीती वाटली की तो काय करतो? मोजतो. ओळंब्याने ठरवलं की नुसतं "आत वाटतंय" असं म्हणत दवाखान्यात जाणं शोभत नाही, हातात आकडे हवेत. त्याने वही आखली. तारीख, वेळ, डावा, उजवा, शेरा. मग ऑफिसातला पितळी ओळंबा आणून पाळण्यावरच्या हुकाला टांगायला घेतला, म्हणजे नाकाची मध्यरेषा पक्की मिळेल आणि बुबुळ किती सरकलं ते तिच्यावरून काढता येईल.

"तो पितळेचा भाला माझ्या मुलीच्या नाकावर टांगणार तू?" बायकोने विचारलं. ती वाचनालयात कामाला होती आणि अशा वेळी फार हळू बोलायची. हळू बोलली की तो ऐकायचा.

भाल्याच्या जागी काकूंकडून लाल लोकरीचा गोंडा आला. दोरी अशी सोडली की गोंडा ठमीच्या नाकाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर थांबला. ठमी खूश झाली. हातपाय झाडत तिने गोंड्यावर नजर लावली, आणि ओळंब्याच्या काळजाचं पाणी झालं. आता डावाच काय, उजवाही आत आला होता. दोन्ही बुबुळं नाकाच्या दोन बाजूंना येऊन टेकली होती.

त्याने पुन्हा पाहिलं. अर्ध्या तासाने पाहिलं. दूध पिऊन झाल्यावर पाहिलं. वही भरत गेली: डावा आत, उजवा आत. डावा आत, उजवा आत. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या दिवशी त्याने "काळजीपूर्वक पाहावे" असं लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी नुसतंच "अरे देवा" लिहिलं.

"रविवारी तर एकच म्हणत होतास," बायको म्हणाली. तिचाही आवाज आता पातळ झाला होता.

"वाढत चाललंय," तो म्हणाला.

आता नजर किती फिरते तेही मोजायला हवं होतं. त्यासाठी स्टाफ हवा. स्टाफ म्हणजे जमिनीची पातळी घेताना समोर उभी धरतात ती काळ्या-पांढऱ्या खुणांची उंच दांडी. तिच्यावरच्या खुणा दुर्बिणीतून वाचायच्या. ती समोरून सरकवली, की ठमीची नजर कुठल्या खुणेपर्यंत जाते ते कळणार होतं. पण ऑफिसातली वस्तू घरी न्यायची म्हणजे गेटपास, आणि गेटपास म्हणजे स्टोअरकीपर.

"काम कशाचं?" स्टोअरकीपरने विचारलं. "रस्ता, नाला, इमारत, इतर."

"इतर."

"इतर म्हटलं की कशासाठी ते लिहावं लागतं."

ओळंब्याने पुष्कळ विचार करून लिहिलं: हलणाऱ्या वस्तूचे निरीक्षण. स्टोअरकीपरने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "हलणाऱ्या वस्तूची लेव्हल कोण घेतं?" ओळंब्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण तो पेनाचं टोपण नुसतंच काढत-घालत राहिला. बहुधा स्टोअरकीपरला ते दिसलं असावं. त्याने शिक्का मारला आणि खुर्ची दुसरीकडे वळवली.

बसमध्ये त्या दांडीने एका गृहस्थाची टोपी पाडली आणि कंडक्टरने दांडीचं वेगळं तिकीट काढायला लावलं. जिन्यात हेडमास्तर भेटले. "मुलीची उंची मोजताय? अजून तर ती उठून बसतही नाही," ते म्हणाले. खिडकीतून काकूंनी टाचण्यांसकट हसून घेतलं. ओळंबा ताठ मानेने वर गेला. लोकांनी हसायला त्याची हरकत नव्हती. लोकांना ठमी दिसत होती, त्याला ठमीचं पुढचं सगळं आयुष्य दिसत होतं. शाळेत फळा न दिसणारी ठमी, रस्ता ओलांडताना थबकलेली ठमी, आणि आपल्या म्हातारपणी विचारणारी ठमी: बाबा, तो डास होता ना?

त्याने स्टाफ पाळण्यासमोर आडवा धरला आणि हळूहळू सरकवला. ठमीने बघितलं. आणि तिचे डोळे थरथरायला लागले. जरा सरकत, मग झटका बसून मागे येत. पुन्हा सरकत, पुन्हा झटका. बारीक, भराभर, ताल धरल्यासारखे. स्टाफ थांबवला की थांबत. सरकवला की सुरू.

त्याने बायकोला हाक मारली. हाक कशी मारली गेली कोण जाणे, बायको आणि आई दोघी धावत आल्या. त्याने दांडी पुन्हा सरकवली. आई पाळण्याची कड धरून खालीच बसली. बायकोने ठमीला उचलून छातीशी घट्ट धरलं, इतकं की ठमी कुरकुरली.

"उद्या," बायको म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या."

त्या संध्याकाळी त्या घरात अंथरुणं लवकर पडली. भिंतीवरचं घड्याळ डावीकडे झुकलं होतं. ओळंब्याने ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. आई नंतर म्हणाली, तेव्हाच मला कळलं की हा खरा घाबरलाय.

सकाळी आईसकट सगळे डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. स्टाफही नेला होता, पण दारावरच्या पहारेकऱ्याने तो आत सोडला नाही. "काठी बाहेर," तो म्हणाला, आणि हजारो रस्त्यांची पातळी घेतलेला तो स्टाफ छत्र्यांच्या डब्यात उभा राहिला.

खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "वय?"

"पाच महिने."

"इथं वर्षं टाकायची असतात. महिने मशीन घेत नाही."

"मग शून्य टाका."

"शून्यही घेत नाही. एक टाकतो."

"पण ती एक वर्षाची नाही."

"होईल की," कारकून म्हणाला. एरवी असल्या आकड्यावरून ओळंब्याने दुपार घालवली असती. आज तो "होईल" या शब्दावरच थांबला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने मुकाट्याने कागद घेतला.

पुढचा नियम असा की तक्ता वाचल्याचा कागद असल्याशिवाय डॉक्टरांकडे जाता येत नाही. लांबट खोलीत एक तंत्रज्ञ बसला होता. भिंतीवर वर मोठी, खाली बारीक होत गेलेली अक्षरं होती. त्याने मान वर न करता म्हटलं, "पेशंटला बसवा. वरून वाचायला सांगा."

बायकोने ठमीला खुर्चीत टेकवलं. ठमीने तक्त्याकडे बघून लाळ गाळली.

"तिला वाचता येत नाही," ओळंबा म्हणाला.

तंत्रज्ञाने आता मान वर केली, ठमीला पाहिलं आणि कागदावर लिहिलं: सांगत नाही. "एवढ्या लहान मुलांचं असेल तर आई किंवा वडील, एकाचे डोळे बघून लिहायचे. डॉक्टरबाईंचा नियम आहे. या तुम्ही."

ओळंबा जरा सुखावला. आठवडाभरात प्रथमच कुणीतरी त्याला येणारं काम सांगितलं होतं. डावा डोळा तळव्याने झाकून त्याने तक्ता धडाधडा वाचला, शेवटची बारीक ओळ वाचली, आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"आता दुसरा."

त्याने उजवा डोळा झाकला.

"लाईट गेली का?" त्याने विचारलं.

"लाईट आहे."

"मग तक्ता काढला का?"

"तक्ता आहे."

त्याने हात काढला. तक्ता होता. पुन्हा झाकला. भिंतीच्या जागी राखाडी धूर होता आणि त्यात कुठेतरी अक्षरं असतील असं नुसतं वाटत होतं. तंत्रज्ञ उठून जवळ आला आणि त्याने बोटं दाखवली. हातभर अंतरावर आल्यावर ओळंब्याला ती तीन आहेत हे कळलं. तंत्रज्ञाने काहीतरी लिहिलं आणि "पुढचे" म्हणून हाक मारली.

बाहेर बाकावर बसून ओळंबा कागद मुठीत धरून राहिला. बायकोने विचारलं, "काय म्हणाला?" तो म्हणाला, "काही नाही." दुर्बिणीला उजवा डोळा लावायचा आणि डावा मिटायचा, असं त्याने बारा वर्षं केलं होतं. मिटलेल्या डोळ्याला काही दिसतं का, हे कोण कशाला बघेल? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण त्याने शाळेत फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. ती इतकी शब्दशः अंगावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि त्या सगळ्यात एकच विचार घणासारखा पडत होता, की म्हणजे हे माझ्याकडूनच तिला गेलंय. चौकटीने नसेल तर रक्ताने, पण माझ्याकडूनच.

डॉक्टर बुटक्या, करड्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांच्या खिशात रबरी बदक होतं. त्यांनी बदक वाजवलं, ठमीने पाहिलं. टॉर्च लावला, ठमीने पाहिलं. एक डोळा झाकला, दुसरा झाकला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "डोक्याला कधी काही लागलं होतं?"

ओळंब्याने वही मिटली.

"चौकट," ओळंबा म्हणाला. "दाराची. महिना होत आला. माझ्या हातून. डास नव्हता." मग सगळं बाहेर आलं. आवाज, टेंगूळ, जाळी, सगळं. तो बायकोकडे बघत नव्हता.

बायकोने ठमीचं टोपडं नीट केलं. मग फार हळू म्हणाली, "फोटो काढताना फोन पडला होता. तिच्या कपाळावर. मी सांगितलं नाही."

दोघांनी आईकडे पाहिलं. "माझ्या हातून खुळखुळा," आई म्हणाली. "पण लाकडाचा नव्हता." आणि लगेच डॉक्टरांकडे वळून, "हा तर लहानपणी ओट्यावरून डोक्यावर पडला होता. काही झालं नाही."

डॉक्टरांनी ओळंब्याकडे, मग त्याच्या अकरा पानी वहीकडे पाहिलं, आणि त्यावर मत दिलं नाही. "मार डोळ्यांपर्यंत गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "हे मोजलंत कसं ते दाखवा."

त्याने खिशातून लाल गोंडा काढला.

"तुमच्याच नाकासमोर धरा. वीतभर. आता बघा त्याच्याकडे." मग बायकोला म्हणाल्या, "यांचे डोळे कसे दिसतात?"

बायकोने वाकून पाहिलं. "उजवा आत आलाय. डावा नेहमीसारखाच."

"नेहमीसारखाच म्हणजे?" ओळंब्याने विचारलं.

"म्हणजे थोडा आत. दमलास की असतो तसा. मला वाटलं तुझं बघणंच तसं आहे."

जवळचं बघताना डोळे आत यायलाच हवेत, डॉक्टरांनी समजावलं. तुम्ही तिच्या नाकावर गोंडा टांगलात आणि वर लिहून ठेवलंत की डोळे आत येतात. फोनही जवळून धरला असणार. शिवाय बाळाचं नाक रुंद असतं, आतल्या कोपऱ्याचा पांढरा भाग झाकला जातो आणि बुबुळ सरकल्यासारखं भासतं. त्यांनी पुन्हा टॉर्च लावला. ठमीच्या दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका बरोबर एकाच जागी चमकत होता. ओळंब्याने तो उजव्या डोळ्याने बघितला. त्याहून सरळ रेषा त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

"आणि थरथर?" त्याने विचारलं. "ती मी स्वतः पाहिली. स्टाफ बाहेर छत्र्यांत आहे, आणू का?"

डॉक्टरांनी कपाटातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक डबा काढला आणि ठमीसमोर फिरवला. ठमीचे डोळे सरकायला लागले, झटका, सरकले, झटका. ओळंबा खुर्चीतून उठला. "हेच. हेच ते."

"बसा. धावत्या गाडीतून खांब बघणाऱ्या कुणाचेही डोळे असेच उडतात. एक पट्टा धरायचा, सुटला की पुढचा धरायचा. पट्टे दिसत असले तरच हे होतं. पट्टे समोर नसताना डोळे थरथरले असते तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही घरी आठवडाभर जी तपासणी करत होतात ती आम्हीही करतो. फक्त तुम्ही पास झालेल्या मुलीला नापास केलंत."

बायको रडायला लागली. त्यातच हसलीही. ओळंब्यालाही हसायचं होतं, पण डॉक्टरांनी आता मुठीत चुरगळलेला कागद त्याच्याकडून मागून घेतला होता. त्यांनी तो वाचला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा डोळा लहानपणी कुणाला दाखवला नाही?"

"दाखवायला निघाले होते," आई म्हणाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं होतं. "दीड वर्षाचा होता. मला फार भीती वाटायची. पण सगळे हसले. म्हणाले, मोठा झाला की जातं. मग पुढे सरळ दिसायला लागला. मला वाटलं, गेलं."

"डोळा बराचसा सरळ झाला, पण मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. तेव्हा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून याला काम दिलं असतं तर वाचला असता. आता फारसं काही होणार नाही." त्या ओळंब्याकडे वळल्या. "चहा कपाबाहेर सांडतो ना? जाता-येता डावा खांदा आपटतो?"

ओळंब्याने डावा खांदा चोळला. त्याला ती चौकट दिसत होती, डाव्या हाताची.

"मुलगी आज ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण घरात हे आहे. दर सहा महिन्यांनी आणा. कधी डोळा वळलाच, तर आपण वेळेत असू. आणि अजून एक. हसण्यावारी न नेता आणलंत, ते बरं केलंत."

म्हणजे भीती काही गेली नाही. तिला फक्त तारीख मिळाली. पण मोजणी खात्यातल्या माणसाला तारीख असलेली गोष्ट जरा सोसते. छत्र्यांच्या डब्यातून स्टाफ काढून घेताना पहारेकऱ्याने त्याला विचारलंही, "काय झालं साहेब?" आणि तो म्हणाला, "सरळ आहे."

घरी आल्यावर आई दाराशीच थांबली. "तुझ्या वेळी मी घाबरून गप्प बसले," ती म्हणाली. "मला माफ कर."  तो म्हणाला, "आई, त्याच डोळ्याला दुर्बीण लावायची असती तर गोष्ट वेगळी होती." आई हसली नाही. त्याने तिचा हात धरला आणि तिला उंबरा ओलांडून आत आणलं.

मग तो पाळण्यावर वाकला. उजवा डोळा तळव्याने झाकला. पाळण्यात एक फिकट गोल डाग होता. त्याला नाक होतं की नाही, डोळे होते की नाही, काही कळत नव्हतं. तो डाग हलला आणि त्यातून आवाज आला. हात काढला तेव्हा ठमी दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. बहुधा तिला त्याचा बावळट चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता.

आंघोळीची वेळ झाली होती. त्याने ठमीला उचललं, डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं, चौकटीपाशी आल्यावर अंग तिरकं केलं आणि बाजारातून काचेचं सामान आणल्यासारखा एकेक पाऊल टाकत आत गेला. जाता जाता त्याला दिसलं की चौकट वरच्या अंगाला बोटभर वाकडी बसवलेली आहे. तो थांबला नाही.